फ्रँचायझी कराराची मुदत संपतेय: रिन्यूअल हा तुमचा हक्क आहे की कंपनीची मर्जी?

आधी प्रश्न नीट मांडून घेतो, कारण उत्तर त्यातल्या तारखांवर आणि शब्दांवरच उभं आहे. नाशिकमध्ये एका प्रीस्कूल साखळीची फ्रँचायझी, पाच वर्षांचा करार, मुदत ३१ मार्च २०२६ ला संपते. करारातली रिन्यूअलची अट मराठीत साधारण अशी: 'फ्रँचायझीधारकाकडून कसूर झालेली नसल्यास, मुदत संपण्याच्या किमान १८० दिवस आधी लेखी नोटीस दिल्यावर व रिन्यूअल फी भरल्यावर, हा करार कंपनीच्या त्या वेळी लागू असलेल्या अटींवर आणखी पाच वर्षांसाठी रिन्यू करता येईल.' तुम्ही २० सप्टेंबरला एरिया मॅनेजरला व्हॉट्सॲपवर 'आम्हाला पुढे चालू ठेवायचं आहे' असं कळवलं आणि त्यांनी 'हो मॅडम, करून टाकू' म्हटलं. नोव्हेंबरमध्ये मुख्य कार्यालयाला मेल केला. जानेवारीत कंपनीचा मसुदा आला. त्यात रॉयल्टी १२ टक्क्यांवरून १८ वर गेलीय आणि राखीव हद्द (जिच्यात कंपनी दुसऱ्या कोणाला केंद्र देत नाही) तीन किलोमीटरवरून एकवर आलीय. सही केली नाही तर १ एप्रिलपासून नाव वापरायचं नाही, शिवाय दोन वर्षं त्या भागात प्रीस्कूल चालवायचं नाही. गेल्याच वर्षी कंपनीच्या सांगण्यावरून तुम्ही फर्निचर आणि रंगकामावर सात लाख घातले आहेत.

'कंपनी असं करू शकते का?' या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत. करारातून तुम्हाला रिन्यूअलचा हक्क मिळतो का? मिळत असेल, तर तो ठरल्या तारखेला आणि ठरल्या रीतीने बजावला गेला का? आणि तरीही कंपनी नाही म्हणाली, तर न्यायालय तुम्हाला नेमकं काय देऊ शकतं? बहुतेक भांडण पहिल्या प्रश्नावर होतं, पण पैशाचा हिशेब तिसऱ्यावर ठरतो.

एक गैरसमज आधीच बाजूला करू. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सीसारख्या काही राज्यांत सबळ कारणाशिवाय रिन्यूअल नाकारता येत नाही, आणि इंटरनेटवर सापडणारा बराचसा सल्ला तिथलाच असतो. आपल्याकडे भारतीय करार कायदा १८७२, विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ (न्यायालय करार पाळायला कधी लावू शकतं ते सांगणारा) आणि तुमच्या करारातले शब्द, एवढीच सामग्री. 'इतकी वर्षं रॉयल्टी भरली' यातून आपोआप कुठलाच हक्क तयार होत नाही.

आता शब्दांकडे. 'फ्रँचायझीधारक रिन्यू करू शकेल' असं असतं, तर तो तुमचा पर्याय: अटी पाळल्या की कंपनी बांधली जाते. 'कंपनी आपल्या मर्जीने रिन्यू करू शकेल' असं असतं, तर हातात जवळजवळ काही नाही. 'परस्परसंमतीने ठरणाऱ्या अटींवर' हे सगळ्यांत फसवं. वाचायला सौजन्याचं वाटतं, पण पुढे करार करू असा करार आपल्याकडे बंधनकारक धरला जात नाही. तुमच्या वाक्यात 'रिन्यू करता येईल' आहे आणि कोणी करायचं ते लिहिलेलंच नाही. अशा वेळी उरलेली अट आणि अख्खा करार एकत्र वाचायचा असतो. नोटिशीची मुदत ठरवलीय, फी ठरवलीय, कसूर नसण्याची अट घातलीय, पुढचा कालावधीही पाच वर्षं असा पक्का आहे. निर्णय सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर असता, तर धारकाने पूर्ण करायच्या या अटी लिहून ठेवण्याचं कारणच नव्हतं. हा तुमच्या बाजूचा सर्वांत चांगला युक्तिवाद आहे. त्याला शह देणारं वाक्य कुठे दडलंय का ते बघा. ते बहुधा 'सर्वसाधारण तरतुदी' या शेवटच्या भागात किंवा व्याख्यांमध्ये असतं: 'या करारातली कोणतीही मंजुरी कंपनीच्या पूर्ण विवेकाधीन राहील' अशा छापाचं.

'मसुदा कंपनीने केलाय, म्हणून संदिग्धतेचा फायदा आम्हाला' हा नियम फार ताणू नका. विमा पॉलिसीत तो चालतो. दोन व्यावसायिकांनी सही केलेल्या करारात न्यायालयं त्याला जेमतेम वजन देतात.

दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे. ३१ मार्च २०२६ पासून १८० दिवस मागे मोजले की २ ऑक्टोबर २०२५ येतो. गांधी जयंती, आणि त्या वर्षी दसराही त्याच दिवशी. सुट्टी आली की काम दुसऱ्या दिवशी चालतं, हा नियम न्यायालयं आणि सरकारी कार्यालयांपुढच्या कामांसाठी आहे. खासगी करारात तसं लिहिलं असेल तरच तो लागू होतो. 'किमान १८० दिवस' म्हणजे नोटीस तोवर पाठवायची की पोचायची, हेही नोटिशीच्या अटीवर अवलंबून. आणि रिन्यूअलच्या पर्यायात वेळ हा कराराचा गाभा धरला जातो. कॅल्टेक्स विरुद्ध भगवानदेवी मरोदिया या खटल्यात भाडेपट्टा वाढवून घेण्याची विनंती दोन महिने आधी करायची होती, ती उशिरा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने सवलत नाकारली. त्यामुळे तुमच्या नोव्हेंबरच्या मेलवर एकटी मदार ठेवता येत नाही.

मदार ठेवायची ती २० सप्टेंबरच्या मेसेजवर. तो मुदतीत आहे. त्यात त्रुटी दोन: तो ठरलेल्या पत्त्यावर ठरलेल्या मार्गाने गेला नाही, आणि गेला तो एरिया मॅनेजरकडे. पहिल्या त्रुटीला करार कायद्याच्या कलम ७ मध्ये चांगलं उत्तर आहे. प्रस्ताव अमुक रीतीने स्वीकारावा असं ठरलं असेल आणि स्वीकार वेगळ्या रीतीने आला, तर प्रस्ताव देणाऱ्याने वाजवी वेळेत 'ठरल्या रीतीनेच द्या' असा आग्रह धरायला हवा. तो धरला नाही, तर आला तो स्वीकार त्याने मान्य केला असं कायदा मानतो. रिन्यूअलचा पर्याय हा कंपनीचा उघडा ठेवलेला प्रस्तावच आहे, हे धरून ही मांडणी करता येते. कंपनीने सप्टेंबर ते जानेवारी एकदाही हरकत घेतली नाही, उलट मसुदा पाठवला. दुसऱ्या त्रुटीसाठी कलम २२९: कामाच्या ओघात प्रतिनिधीला मिळालेली सूचना मालकाला मिळाली असं धरलं जातं. इथे परिस्थितीचा प्रश्न येतो. रॉयल्टी, तपासण्या, साहित्याच्या ऑर्डरी, तक्रारी हे सगळं याच माणसामार्फत चालत होतं का? असेल तर बाजू बरी. 'एरिया मॅनेजरला कंपनीला बांधून घेण्याचा अधिकार नाही' असं वाक्य करारात असेल, तर ते होकार देण्याच्या अधिकाराबद्दल आहे. निरोप स्वीकारण्याबद्दल नाही. हा फरक वकिलाला आवर्जून सांगा.

मेसेजचे शब्दही तपासा. 'पुढे चालू ठेवायचं आहे' यात पर्याय बजावल्याचं स्पष्ट विधान आहे की नुसती इच्छा, यावर कंपनी बोट ठेवेल. मॅनेजरच्या 'करून टाकू' या उत्तराने तुमची बाजू सावरते, कारण समोरच्याला अर्थ कळला होता हे त्यातून दिसतं. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत.

नोटिशीनंतर अट येते ती कसुरीची. 'कसूर झालेली नसल्यास' याचा अर्थ आज कसूर उरलेली नाही असा, की पाच वर्षांत एकदाही झाली नाही असा? इंग्रजी मूळ वाक्यातला काळ बघा. 'इज नॉट इन डिफॉल्ट' असेल तर निस्तरलेली जुनी चूक मोजली जाऊ नये. 'हॅज नॉट बीन इन डिफॉल्ट' असेल तर एकदा उशिरा भरलेली रॉयल्टीही कंपनी काढू शकते. मात्र त्या चुकीनंतर कंपनीने नोटीस दिली नसेल आणि निमूट पैसे घेतले असतील, तर त्या मुद्द्याची धार कमी होते. कराराच्या शेवटी 'सवलत दिली म्हणजे हक्क सोडला असं नव्हे' हे कलम बहुधा असतंच, त्यामुळे पूर्ण विसंबू नये.

थकबाकीच्या आरोपांत एक गोष्ट हटकून निघते: टीडीएस. तुम्ही रॉयल्टीतून टीडीएस कापून उरलेली रक्कम भरता, कंपनीच्या खात्यात पूर्ण बिल उभं असतं, आणि तुमचं विवरणपत्र चुकलं किंवा पॅन चुकीचा पडला की फरक वर्षानुवर्षं 'येणे' म्हणून दिसत राहतो. रॉयल्टीवरच्या १८ टक्के जीएसटीचीही तीच गत. आत्ताच पाच वर्षांचं खातं मागवा, फॉर्म १६ए शी (टीडीएस कापल्याच्या प्रमाणपत्राशी) ताळा करा, आणि फरक निघाला तर भरून टाका. काही हजारांच्या फरकावर रिन्यूअल गमावणं परवडत नाही.

आता ज्यामुळे तुमची झोप उडालीय तो मुद्दा, म्हणजे 'त्या वेळी लागू असलेल्या अटी'. हे शब्द संदिग्ध म्हणून बाद होतील अशी आशा नको, आणि तसं व्हावं अशी इच्छाही नको. अट बाद झाली तर तुमचा रिन्यूअलचा हक्कच तिच्याबरोबर जाईल. करार कायद्याच्या कलम २९ खाली उदाहरणं आहेत. त्यातलं एक असं, की हजार मण तांदूळ 'क' ठरवील त्या भावाने विकायचा करार वैध आहे, कारण भाव निश्चित करता येण्याजोगा आहे. तसंच इथे. कंपनी आज नव्या फ्रँचायझीधारकांशी ज्या छापील करारावर सही करते, तो म्हणजे 'लागू असलेल्या अटी'. ही मोजपट्टी तुमच्याविरुद्ध जाते तशी तुमच्या कामीही येते. नव्या केंद्रांना आज रॉयल्टी खरोखर १८ टक्के आहे का? कंपनीने फ्रँचायझी प्रदर्शनात वाटलेलं माहितीपत्रक, तिची वेबसाइट, गेल्या वर्षभरात सुरू झालेल्या दोन-तीन केंद्रांच्या चालकांशी बोलणं, यातून ते कळतं. बाहेर १४ टक्के आणि तुम्हाला १८ असेल, तर तुमच्यासमोर ठेवलेल्या अटी 'लागू असलेल्या' नसून खास तुमच्यासाठी शिवलेल्या आहेत, आणि तो करारभंग आहे. सगळ्यांना १८ असेल, तर रॉयल्टीवर भांडू नका. तुम्ही पाच वर्षांपूर्वीच ते मान्य केलंय.

हद्दीचा मुद्दा वेगळा. छापील करारात हद्दीची जागा सहसा कोरी असते आणि ती परिशिष्टात भरतात. जी गोष्ट प्रत्येक केंद्रासाठी वेगळी ठरते, ती 'लागू असलेली अट' कशी? 'हा करार' रिन्यू करायचा आहे आणि या कराराचा विषय तीन किलोमीटरची हद्द आहे, अशी मांडणी इथे जमते. ती टिकेलच असं नाही, पण वाटाघाटीत तिचं वजन पडतं.

सात लाखांबद्दल स्पष्टच बोलतो. गुंतवणूक वसूल होईपर्यंत करार चालू ठेवा, असा हक्क आपल्या कायद्यात नाही. खर्च करायला लावताना कंपनीने पुढच्या पाच वर्षांचा उल्लेख केलेला मेल असेल, तर तो सोन्यासारखा. नसेल, तर तो खर्च नुकसानभरपाईच्या हिशेबातली एक ओळ आहे, स्वतंत्र दावा नाही.

आता तिसरा प्रश्न. करारातली मुदतपूर्व समाप्तीची अट उघडा. 'कोणताही पक्ष कारण न देता ९० दिवसांच्या नोटिशीने करार संपवू शकेल' असं तिथे असेल, तर वरची सगळी चर्चा बरीच पातळ होते. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १४(ड) प्रमाणे असा संपवता येण्याजोगा करार न्यायालय पाळायला लावत नाही, आणि कलम ४१(ई) मुळे त्यासाठी मनाई हुकूमही मिळत नाही. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या निकालात वितरकाला बेकायदा काढल्याचं धरूनही एजन्सी परत दिली गेली नाही. करार ३० दिवसांच्या नोटिशीने संपवता येत होता, म्हणून भरपाईही त्या ३० दिवसांच्या कमाईइतकीच. म्हणजे तुम्ही जिंकलात तरी ९० दिवसांचा नफा हातात येईल. ही अट नसेल आणि करार फक्त कसुरीवरच संपवता येत असेल, तर चित्र पुष्कळ बरं. तरीही ३१ मार्चआधी हालचाल हवी. मुदत उलटल्यावर न्यायालयाला संपलेला करार जिवंत करायचा असतो, आणि त्याला ते फारसं रुचत नाही.

करारात लवादाचं कलम (तंटा न्यायालयाऐवजी लवादापुढे न्यायची अट) असेल तर तात्पुरत्या दिलाशासाठी लवाद कायद्याच्या कलम ९ खाली न्यायालयात अंतरिम अर्ज. लवादाचं स्थान कुठलं ते आधी बघा. दिल्ली किंवा बेंगळुरू असेल तर अर्ज तिथे, नाशिकला नव्हे. अंतरिम आदेश मिळाला तर ९० दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. लवाद नसेल तर फ्रँचायझी करारांचे तंटे वाणिज्यिक न्यायालय कायद्यात नाव घेऊन आलेले आहेत. तीन लाखांपासून पुढचा दावा तिकडे जातो, आणि तातडीचा अंतरिम दिलासा मागत नसाल तर कलम १२ए प्रमाणे आधी मध्यस्थी अनिवार्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात हे पक्कं केलं.

दोन वर्षांच्या बंदीबद्दल मात्र धीर धरा. करार चालू असताना स्पर्धा करायची नाही, ही अट वैध. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला हा १९९५ चा निकाल त्याचा आधार. करार संपल्यानंतरची बंदी करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही, आणि २००६ च्या परसेप्ट डी'मार्क विरुद्ध झहीर खान निकालात सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीनंतर लागू होणारं बंधन नाकारलं. म्हणून १ एप्रिलला त्याच जागेत स्वतःच्या नावाने प्रीस्कूल चालवता येईल. त्यासाठी त्यांचा बोर्ड, लोगो, गणवेश, अभ्यासक्रमाची पुस्तकं, भिंतींवरची पात्रं आणि गूगल मॅपवरचं नाव हे सगळं आदल्या दिवसापर्यंत उतरलेलं हवं. 'पूर्वीचं अमुक प्रीस्कूल' असं बॅनरवर लिहिण्याचा मोह टाळा, ट्रेडमार्कचा दावा तिथूनच सुरू होतो. ३१ मार्चपर्यंत मात्र नव्या नावाची जाहिरातही नको. ती आयती कसूर ठरेल.

जून २०२६ च्या प्रवेशांचं आत्ताच बघा. मुदतीपलीकडच्या वर्षाची फी त्यांच्या नावाच्या पावतीवर घेऊ नका, निदान कंपनीची लेखी परवानगी येईपर्यंत. पालकांनी नाव बघून फी भरली आणि जूनमध्ये बोर्ड वेगळा दिसला, तर ग्राहक आयोगात उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

या आठवड्यात एक पत्र जायला हवं, कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर आणि मेलवरही. करारात रजिस्टर्ड एडी लिहिलं असेल तर लक्षात घ्या, २०२५ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा आणि ट्रॅकिंगचं पान छापून ठेवा. पत्रात २० सप्टेंबरला पर्याय बजावल्याचं, कंपनीने हरकत न घेतल्याचं आणि रिन्यूअल फी भरायची तयारी असल्याचं लिहा. फीची रक्कम खात्यात दिसू द्या. सध्या नव्या केंद्रांशी होणाऱ्या कराराची प्रत मागा. काही कसूर असेल तर १५ दिवसांत लेखी कळवावी म्हणा. आणि हक्क अबाधित राखून, जुन्याच अटींवर ९० दिवसांची मुदतवाढ मागा. रागाचं एकही वाक्य नको, 'नवीन अटींवर चर्चा करायला तयार आहोत' असंही नको. त्या वाक्याचा अर्थ पुढे 'पर्याय बजावलाच नव्हता, नव्या सौद्याची बोलणी चालली होती' असा लावला जातो.

मुदतवाढ आणि रिन्यूअल एक नव्हेत. मुदतवाढीत जुनाच करार पुढे सरकतो, रिन्यूअलमध्ये नवा करार जन्माला येतो आणि त्याला नव्याने मुद्रांक शुल्क लागतं. गोव्यातल्या खाणींच्या हर्देश ओअर्स विरुद्ध हेदे या २००७ च्या खटल्यातही हाच भेद कळीचा ठरला. काहीच न लिहिता एप्रिलमध्ये वर्ग चालू राहिले आणि कंपनी रॉयल्टी घेत राहिली, तर वागणुकीवरून करार पुढे चालू राहिला असं म्हणता येतं. भारत पेट्रोलियम विरुद्ध ग्रेट ईस्टर्न शिपिंग हा निकाल त्याचा आधार. पण त्याने पाच वर्षं मिळत नाहीत, रोजचा दिवस मिळतो.

शेवटी सही करायचीच ठरली, तर 'निषेध नोंदवून सही' याला फार अर्थ नाही. करार कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे नवा करार जुन्याची जागा घेतो, आणि मसुद्यात 'आजवरचे सर्व दावे सोडले' असं वाक्य असेल तर सात लाखांचा विषयही तिथेच संपतो. रॉयल्टीतला एखादा टक्का सोडा, पण पुढच्या रिन्यूअलची अट नव्या करारात नावानिशी लिहून घ्या. एकदा वापरलेला रिन्यूअलचा हक्क नव्या करारात आपोआप उतरत नाही, हे भाडेपट्ट्यांच्या बाबतीत लालजी टंडन निकालाने स्पष्ट केलंय. त्या अटीतल्या वाक्याचा कर्ता 'फ्रँचायझीधारक' हवा, नोटीस मेलवर चालावी, आणि १८० दिवसांऐवजी 'एक वर्ष ते तीन महिने आधी' अशी खिडकी असावी. जागेचा लिव्ह अँड लायसन्सही तपासा. तो ३३ महिन्यांचा असेल आणि फ्रँचायझी पाच वर्षांची, तर तिसऱ्या वर्षी मालकाने जागा काढून घेतली की कसूर मात्र तुमच्या नावावर लागेल.